क्विर्कबाईंची उजवी बाजू

बायको ईटा गेल्याला पाच महिने झाले तेव्हा फिंटन हॅकेटने क्विर्कबाईंना कुरणातून आत आणायचे ठरवले, आणि पहिल्याच सकाळी त्याच्या लक्षात आले की हे आपल्याला जमणारे काम नाही.

क्विर्कबाई म्हणजे घोडी. शर्यतीच्या जातिवंत रक्ताची, वर्ष-सव्वा वर्षाची पोर, गडद तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. कागदोपत्री तिला अजून नाव नव्हते, ते विकत घेणारा ठेवणार. घरातले नाव ईटाचे. जन्मल्यावर ती पोर दोनदा पडून तिसऱ्यांदा उभी राहिली आणि मान ताठ करून दोघांकडे अशी बघू लागली की जणू दोघांनीही गृहपाठ केलेला नव्हता. गावच्या शाळेत चाळीस वर्षे मुलांना धाकात ठेवून गेलेल्या मिस क्विर्क अशाच बघायच्या. ईटा म्हणाली, "आल्या बघ क्विर्कबाई. वह्या काढ." तेच नाव राहिले. ईटा तिला मानाने अहो-जाहो करायची. फिंटन अगं-तुगं करायचा.

हॅकेटांची शेती लहान होती. आयर्लंडमध्ये लिमरिकच्या दक्षिणेला, बॅलिहूराच्या डोंगराखाली, अठ्ठावीस एकर. दोन घोड्या, आणि देवाने दिली तर वर्षाला दोन शिंगरे. फिंटन दूध डेअरीचा टँकर चालवायचा. पहाटे साडेचारला घर सोडायचा ते दुपारी दोनला परत. मधला सगळा वेळ घोडे ईटाचे. गवत कापणे, कुंपण, तबेल्यातली घाण काढणे, पोती उचलणे हे फिंटनचे. दोर हातात धरून घोड्याला माणसाळवणे हे ईटाचे. बत्तीस वर्षे अशीच वाटणी चालली होती आणि ती कोणी ठरवलेली नव्हती. संध्याकाळी घोड्या खाण्यासाठी आपणहून आत यायच्या, शिंगरे त्यांच्या मागे यायची, तेव्हा फिंटनला कुणाला धरायची वेळच येत नसे.

जानेवारीत, दवाखान्यातल्या उशीवर टेकून, ईटाने क्विर्कबाईंसाठी सप्टेंबरच्या घोड्यांच्या लिलावाचा अर्ज भरला. अक्षर वेडेवाकडे आले होते. फिंटनला वाटले, अशक्तपणा. पाकीट बंद करून त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "रिंगणात तूच ने तिला. भाड्याचा माणूस नको."

"मी? वीस वर्षांत मी रिंगणात पाय ठेवलेला नाही."

"मग आता ठेव. आणि तो निळा कोट घाल. तपकिरी नको, तपकिरीत तू लिलाव पुकारणाऱ्याचा सासरा दिसतोस."

तो बरे म्हणाला. तीन आठवड्यांनी ती गेली. दुसरे काही मागून गेली नाही. मागायला तिच्याकडे वेळ होता, पण तिने एवढेच मागितले.

एप्रिलमध्ये त्याने टँकरची नोकरी सोडली. जूनपर्यंत पोर मोकळ्या कुरणात होती, अंगाने भरली होती. आता तिला रोज चालवायचे, खरारा करायचा, अंगाला चमक आणायची, लोकांसमोर शांत उभे राहायला शिकवायचे. लिलावाला अडीच महिने होते.

आत घेताना ती धान्याच्या बादलीमागे आली, म्होरकीही घालू दिली. पण फिंटनने दोर अडकवला, तिच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला आणि "चल" म्हणाला, तशी ती गर्रकन फिरली. तिचे ढुंगण त्याच्याकडे आले आणि दोर हातातून सरकून तळवा भाजला. त्याने पुन्हा धरले. ती पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

दहा दिवस हेच. फिंटन रोज सकाळी तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहायचा आणि ती रोज सकाळी त्याच्याभोवती गोल गोल फिरायची. तबेल्यातून बाहेर काढताना तिने त्याला एकदा दारात चेपले आणि एकदा त्याच्या बुटावर पाय दिला.

शेवटी त्याने कॉन शीहीला बोलावले. कॉन शेजारचा, पंचाहत्तरीचा. सगळी हयात मोठ्या घोडेवाल्यांच्या तबेल्यांत गेलेली. घोड्यांच्या बाबतीत त्या भागात त्याचा शब्द रोमहून, पोपकडून आल्यासारखा मानत. तो तोंडात घालायची लोखंडी कडी घेऊन आला, डाव्या बाजूला उभा राहिला, आणि क्विर्कबाईंनी त्याला अंगणभर फरफटवले.

"हिची आजी अशीच होती," धापा टाकत कॉन म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचा दात पाडला होता तिनं."

"तो दात आधीच हलत होता, कॉन."

"हलत होता. पडला नव्हता ना?"

"ईटाच्या हाताखाली तर कोकरू होती म्हणे."

"कुणी बघितलं? तू टँकरवर. मी माझ्या घरी. बाई माणूस आपल्या पोरांची खोडी सांगते होय कुणाला?" कॉनने टोपी काढून घाम पुसला. "हे बघ फिंटन, राग मानू नकोस. आईविना पोर बिघडते तशी बिघडलीय ही. ईटा गेली, ही कुरणात सुटली, डोक्यात वारं शिरलं. आणि हिला तू लिलावात, पाचशे माणसांत नेणार? एखाद्याचा जीव घेईल."

फिंटनने दोर परत घेतला आणि पुन्हा डाव्या बाजूला गेला. घोडा धरायची रीत जगात एकच. डावीकडून खोगीर घालायचे, डावीकडून चढायचे, डाव्या खांद्याशी उभे राहून उजव्या हातात दोर धरायचा आणि चालायचे. बापाने त्याला असेच शिकवले होते, बापाला त्याच्या बापाने. उजवीकडून घोडा नेणारा माणूस फिंटनने पाहिलेला नव्हता, आणि पाहायला हवा असेही त्याला कधी वाटले नव्हते. कॉनलाही नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, फाटकातून आत येताना ती फिरली. फिंटन फाटकाच्या दगडी खांबावर आपटला. उजवा खांदा निखळला. डॉक्टरने तो बसवला, हात गळ्यात बांधला आणि सहा आठवडे काही उचलू नको म्हणून सांगितले.

कॉन संध्याकाळी आला. बराच वेळ कपातला चहा ढवळत बसला.

"मॅलोच्या पलीकडे एक माणूस आहे," तो म्हणाला. "असली तापट पोरं घेतो. लिलावाच्या निम्मेही देणार नाही, पण घेऊन जाईल. शुक्रवारी दहाला मी ट्रक घेऊन येतो."

"ईटाला शब्द दिलाय मी."

"ईटानं तुला मरायला सांगितलं होतं का?"

फिंटनने खिडकीबाहेर पाहिले. घोडी कुरणाच्या कोपऱ्यात उभी होती, मान ताठ, घराकडे तोंड करून. इतक्या दिवसांत तो ईटावर चिडला नव्हता. त्या संध्याकाळी चिडला. सोपे काहीतरी मागायचे होते, असे त्याच्या मनात आले. दगडावर नाव कोरायला सांगायचे, फुले वाहायला सांगायची. हे कशाला?

"ये शुक्रवारी," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तो अंगणात आला तर कुरणाचे फाटक उघडे होते. आदल्या संध्याकाळी एका हाताने साखळी ओढली होती, ती नीट अडकली नसणार. घोडी बाहेर गल्लीत होती. दोन्हीकडे काटेरी कुंपण, मध्ये एक गाडी जाईल एवढाच रस्ता. आणि आठला दुधाचा टँकर त्याच रस्त्याने येणार. ती वेळ फिंटनला घड्याळात बघायची गरज नव्हती, अठरा वर्षे ती त्याचीच होती. वळणावर पुढचे काही दिसत नाही हेही त्याला माहीत होते.

बादली आणि दोर दोन्ही एका हातात मावेनात. त्याने दोर घेतला.

घोडी कुंपणाला डावी कूस लावून चरत होती. तिच्या डाव्या बाजूला जायला जागा नव्हती, आणि दोर धरायला फिंटनकडे एकच हात होता, डावा. म्हणून तो उजव्या बाजूने गेला. काही विचार करून गेला नाही. दुसरा इलाजच नव्हता. लाथ बसणार म्हणून दात आवळून गेला.

घोडीने मान वर केली, त्याला पाहिले, आणि मान खाली घालून त्याच्या काखेत तोंड खुपसले.

तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्होरकीला दोर अडकवला. एक पाऊल टाकले. तिनेही टाकले. दोर सैल लोंबत होता. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून, पायाला पाय जुळवून चालत आली. त्याचे पाऊल मंद झाले की तिचे मंद.

फाटकाशी आल्यावर ती आपणहून थांबली.

फिंटनही थांबला. साखळी काढायला हात मोकळा नव्हता. दोर सोडावा तर ती पळणार. घोडी वाट बघत होती. तिने मान थोडी खाली केली आणि त्याच्याकडे पाहिले, अगदी उत्तर न येणाऱ्या पोराकडे शाळेतल्या बाई बघतात तसे. मग त्याने दोर तिच्या मानेवर टाकला, हात सोडला आणि साखळी काढली. ती हलली नाही. फाटक उघडले तशी ती एकटीच आत गेली, आत जाऊन वळली आणि फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. त्याने फाटक लावले, साखळी अडकवली. तेव्हा तिने आपला उजवा गाल पुढे केला, दोर घ्या म्हणून.

मागून टँकर गेला. नव्या ड्रायव्हरने हात हलवला. फिंटनने हलवला नाही. त्याचा एकुलता हात घोडीच्या मानेवर होता.

घोड्याला असे कोणी शिकवत नाही. दोन हात असलेला माणूस एकाने घोडा धरतो आणि दुसऱ्याने फाटक उघडतो. असे शिकवतो तो फक्त ज्याला एकच हात आहे तो.

ईटाच्या उजव्या छातीवर कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली त्याला आता तीन वर्षे होत होती. डॉक्टर म्हणाले होते की काखेतल्या गाठीही काढल्यात, हात कधीही सुजेल, जपा. ईटा घरी येऊन म्हणाली होती, काही नाही, ठीक आहे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने फिंटनचे स्वेटर घालायला सुरुवात केली. रुंद बाह्यांचे. "तुझं ऊबदार असतं," म्हणायची, आणि स्वेटर सैल झाले म्हणून तो कुरकुरायचा. किटली ती अर्धीच भरायची. चहा डाव्या हाताने ओतायची. अर्जावरचे अक्षर वेडेवाकडे आले होते. हे सगळे त्याने रोज पाहिले होते, आणि त्यातले काहीच पाहिले नव्हते.

रोज सकाळी, तो टँकरवर असताना, ती सुजलेला हात बाहीत लपवून बाहेर पडायची. डाव्या हाताने दोर धरायचा तर घोड्याच्या उजव्या बाजूलाच उभे राहावे लागते. म्हणून तिने जन्मल्यापासून या पोरीला उजवीकडून शिकवले. पोरीला दुसरी बाजू ठाऊकच नव्हती. डाव्या बाजूला माणूस आला की ती फिरायची, ती त्याला मारायला नव्हे, त्याला त्याच्या जागेवर आणायला. दहा दिवस ती फिंटनला सांगत होती, तिकडे नाही, इकडे ये. आणि तो आणि कॉन, दोन शहाणे, तिला लोखंड चढवत होते.

दहाला कॉन ट्रक घेऊन आला. फिंटन अंगणात घोडीला फेऱ्या घालत होता. कॉन खाली उतरला आणि ट्रकचे दार लावायचे विसरला.

"तू चुकीच्या बाजूला आहेस," तो म्हणाला.

"हो."

"एका हातानं धरलंयस."

"हो."

"आणि ती चालतेय."

"तिला असंच शिकवलंय, कॉन. ईटाचा उजवा हात गेला होता."

कॉनने टोपी काढली. या वेळी घाम पुसायला नाही. घोडी जवळून गेली तसा तो पुढे झाला, फिंटनच्या हातातून दोर घेतला, उजव्या खांद्याशी उभा राहिला, आणि दहा पावले चालून परत आला.

"साठ वर्षं घोडे धरतोय मी," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम होतं. नुसतं पलीकडे जाऊन बघायचं. नाही सुचलं."

"मलाही नाही."

"तुझं सोड रे, तू टँकरवाला." त्याने दोर परत दिला. "ट्रक रिकामा नेऊ म्हणतोस?"

"रिकामा ने."

"माझं डिझेल गेलं."

"चहा घे."

"चहावर ट्रक चालतो होय," कॉन म्हणाला, आणि आत जाऊन त्याने स्वतःच किटली ठेवली.

रविवारी ईटाची बहीण पॉलीन सफरचंदाचा केक घेऊन आली. दर रविवारी यायची. फिंटनने केक कापायच्या आधीच विचारले.

"ईटाचा हात. तुला माहीत होतं?"

पॉलीनने सुरी खाली ठेवली. "तिनं शपथ घातली होती मला."

"कधीपासून?"

"ही पोर जन्मायच्या आधीपासून. दर बुधवारी मीच न्यायचे तिला पट्ट्या बांधून घ्यायला. तुला सांगायची बाजाराला चाललो."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगू खरं?"

"सांग."

"म्हणाली, फिंटनला कळलं तर तो घोड्या विकेल, टँकर सोडेल, आणि माझ्या उशाशी खुर्ची टाकून दिवसभर माझ्याकडे बघत बसेल. मला बघणारं माणूस नकोय, पॉलीन. मला सकाळी उठून जायला जागा पाहिजे."

"विकल्या असत्या मी," तो म्हणाला.

"माहितीय."

"खुर्चीही टाकली असती."

"तेही माहितीय. तिलाही माहीत होतं."

त्याला वाटले होते की आपल्याला राग येईल. पाच महिने तो रोज सकाळी जागा होऊन काय काय राहून गेले याची उजळणी करत होता. रजा घेतली नाही, समुद्रावर नेले नाही, शेवटच्या हिवाळ्यातही पहाटे साडेचारला उठून गेलो आणि ती एकटी राहिली. आता त्याला त्या सकाळी वेगळ्या दिसू लागल्या. ती एकटी नव्हती. तिच्या खांद्याला खांदा लावून कुणीतरी चालत होते, तिचे पाऊल मंद झाले की थांबत होते. शेवटचे वर्षभर तिला एक काम होते, तिने ते लपूनछपून, आवडीने, शेवटपर्यंत केले. ते त्याच्या हातून हिरावले गेले नाही ते केवळ त्याला कळले नाही म्हणून. आयुष्यात एवढ्या गोष्टी त्याला कळल्या नव्हत्या, पण ही कळली नाही याबद्दल त्याने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

"केक काप," तो पॉलीनला म्हणाला. "मोठा तुकडा दे."

ऑगस्टमध्ये हात सुटला. लिलावात घोडा डावीकडून धरून दाखवावा लागतो. उजवीकडून धरलेला घोडा पाहिला की घेणारा पहिली शंका घेतो ती डावा डोळा आंधळा असल्याची. म्हणून फिंटन रोज क्विर्कबाईंना तीन मैल चालवू लागला. जाताना उजवीकडून. परत येताना, घर दिसायला लागले की, डावीकडून दहा पावले. मग वीस. मग वळणापासून. ती कान मागे पाडायची, तिरकी चालायची, पण फिरली नाही. चालताना तो तिच्याशी बोलायचा. ईटा काय बोलायची ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो टँकरच्या गोष्टी सांगायचा. कोणाच्या गायी, कोणाचा कुत्रा. सप्टेंबर लागला तेव्हा ती घरापासून पुलापर्यंत आणि पुलापासून घरापर्यंत डावीकडून यायला लागली होती. कॉन म्हणाला, "बाई शिकल्या म्हणायच्या."

"बाईंनी शिकवलं," फिंटन म्हणाला.

लिलाव किल्डेअरला होता. फिंटनने निळा कोट घातला. दोन दिवस लोक येऊन बघून गेले, चालवून दाखवा म्हणाले, त्याने डावीकडून चालवून दाखवले, ती नीट चालली. दोघांतिघांनी वहीत खूण केली. कॉन कोपऱ्यात बादलीवर बसून सगळे बघत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिच्या आजीबद्दल सांगत होता, दाताचे वगळून.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा नंबर पुकारला गेला. रिंगणाच्या तोंडाशी आल्यावर दिवे, कर्णा, चढत गेलेले बाक आणि बाकांवरची माणसे एकदम समोर आली, आणि घोडी थिजली. चारही पाय रोवले. अंगाला कंप सुटला. मागचा घोडा खोळंबला.

"चला, चला," दारावरचा माणूस म्हणाला.

ती जाईना. तिने मान वळवली आणि ती फिंटनभोवती फिरायला लागली. ती काय म्हणते आहे हे आता त्याला समजत होते. आणि तो पलीकडे गेला तर पाचशे माणसे काय म्हणतील हेही समजत होते. महिनाभराची मेहनत त्या एका डोळ्याच्या शंकेपायी होती. ईटाने मागितले होते ते तूच ने एवढेच. कोणत्या बाजूने ने ते सांगितले नव्हते.

तो तिच्या तोंडासमोरून उजव्या बाजूला गेला आणि दोर डाव्या हातात घेतला. ती त्याच्या खांद्याशी आली. लांब श्वास सोडला आणि चालू लागली.

बाकांवर कुजबुज झाली. कोणी हसले. लिलाव पुकारणारा वरून म्हणाला, "मिस्टर हॅकेट फ्रान्सहून गाडी चालवत आलेत वाटतं, तिकडे सगळं उजवीकडूनच," तसे आणखी लोक हसले. खूण करून गेलेल्यांपैकी एकाने वही मिटलेली फिंटनला दिसली. पण घोडी चालत होती. मान सैल, पाऊल लांब, कान पुढे. ती रिंगणात चार फेऱ्या अशी चालली की दुसऱ्या फेरीनंतर कोणी हसत नव्हते. बोली फार चढली नाही. त्याच्या मनात होता त्या आकड्याच्या खालीच राहिली, पण मॅलोच्या माणसाच्या बरीच वर. हातोडा पडला तेव्हा त्याला आकडा नीट ऐकूही आला नाही. तो तिच्या पावलाला पाऊल जुळवत होता.

घेणारी बाई तबेल्याशी आली. मिसेस डेव्हरू, वेक्सफर्डकडच्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या, बुटांना चिखल. त्यांच्याकडे अकरा घोडे होते आणि सगळे त्या स्वतः तयार करायच्या.

"डोळे तपासून घेतले मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही शाबूत आहेत. मग त्या बाजूनं का धरलीत? निम्मे लोक तिथंच गळाले."

"तुम्ही नाही गळालात."

"मी चाल बघत होते. सांगा ना, का?"

फिंटनने सांगितले. फार सांगितले नाही. बायकोचा उजवा हात गेला होता, तिने वाढवली, मला माहीत नव्हते, एवढेच.

"फाटक कसं उघडायच्या मग त्या? एका हातानं?" मिसेस डेव्हरूंनी विचारले.

घोडे धरणारी बाईच हा प्रश्न विचारेल, असे फिंटनला वाटले. त्याने दोर त्यांच्या हातात दिला आणि तबेल्याच्या अंगणाच्या फाटकाकडे बोट केले. "उजवीकडून न्या. दोर मानेवर टाका आणि सोडून द्या."

"इथं? एवढ्या गर्दीत?"

"टाका तर."

त्यांनी टाकला. फाटक उघडले. क्विर्कबाई एकट्या आत गेल्या, वळल्या, आणि गर्दीकडे न बघता फाटक लागायची वाट पाहत उभ्या राहिल्या. मिसेस डेव्हरूंनी फाटक लावले. लावून झाल्यावर त्या जरा वेळ कडीवर हात ठेवून तशाच थांबल्या.

"डावीकडूनही येते आता," फिंटन म्हणाला. "पण घाबरली की पलीकडे जा. जास्त काही करावं लागत नाही."

मग त्याने रीतीप्रमाणे खिशातून एक नोट काढून त्यांच्या हातावर ठेवली. विकणाऱ्याने घेणाऱ्याला थोडे परत द्यायचे, घोड्याबरोबर नशीबही जावे म्हणून. त्यांनी ती घडी करून छातीच्या खिशात ठेवली. नको म्हणाल्या नाहीत, तसे म्हणणे अशुभ.

"घरी काय म्हणता हिला?"

"क्विर्कबाई."

"कडक आहेत का?"

"वह्या तपासतात."

परतीच्या वाटेवर, लिमरिकची हद्द लागल्यावर कॉन म्हणाला, "कोट बरा दिसत होता."

"तिनंच सांगितला होता."

"तपकिरी नाही घातलास ते बरं केलंस."

"तेही तिनंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिंटन तबेल्यात गेला. धाकट्या घोडीचे शिंगरू पाच महिन्यांचे होते. ईटा गेल्यानंतर जन्मलेले, आईमागे हुंदडणारे, दोराची ओळख नसलेले. त्याला आईपासून तोडायचा दिवस जवळ आला होता. फिंटनने त्याच्या तोंडावर छोटी म्होरकी चढवली, दोर अडकवला, आणि उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. शिंगराने मान फिरवून त्याच्याकडे पाहिले. त्याला अजून दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

"चल," फिंटन म्हणाला. "आधी ही. दुसरी उद्या."